रिकामा चेंडू

मे महिना. हॉलमधले कूलर बंद,
हवेनं चेंडू हलतो म्हणून पंखेही बंद.
खिडक्यांना ओली पोती, बाहेर शेहेचाळीस,
आणि टेबलापलीकडे कुमुदिनी भोयर,
जिला मी अकरा वर्षांत एकदाही हरवलेलं नाही.

तिच्या बॅटच्या काळ्या बाजूला लांब दाणे आहेत,
तान्ह्या बाळाच्या कंगव्याचे असावेत तसे मऊ.
मी फिरकी द्यायची, पार पोटरीपासून ओढून आणलेली,
कमरेची, खांद्याची,
पेन्शन विभागात दिवसभर गिळलेल्या शब्दांची.
तिचे दाणे नुसते वाकायचे.
माझीच फिरकी उलटी होऊन माझ्याकडे यायची,
मी मारायची, आणि जाळी थरथरायची.
मग मी आणखी जोर लावायची.
तोही परत यायचा.

अकरा-सहा, अकरा-चार, अकरा-सात.
एका वर्षी अजनीच्या पुलावर स्कूटर थांबवून
मी रडलेसुद्धा. खालून मालगाडी जात होती, लांबलचक,
ती संपेपर्यंत.

उईके सर लोको शेडमधून रिटायर झालेले.
त्यांनी एकच विचारलं, "ती मारते का गं कधी?"
मी आठवून पाहिलं. नाही.
ती मारतच नाही.
"मग तुला हरवते कोण?"

त्यांनी एक चेंडू घेतला आणि मार्करनं अर्धा काळा केला.
"फिरला की करडा दिसतो.
मला असा दे, ज्यात काळं काळंच दिसेल
आणि पांढरं पांढरं."
म्हणजे तोच आव, तीच मनगटाची लकब,
जमिनीवर पायाचा तोच ठोका,
आणि आत काही नाही.

पहाटे साडेपाच. टोपलीत ऐंशी चेंडू, सगळे अर्धे काळे.
दिवाळीपर्यंत माझे सगळे करडेच गेले.
काहीतरी दिल्याशिवाय हात मागे येईचना.
रिकामं देणं इतकं जड असतं
हे मला ना माहेरी कोणी सांगितलं, ना सासरी.

संक्रांतीच्या आसपास एक गेला.
अष्टमीच्या चंद्रासारखा, अर्धा अर्धा,
न फिरता, जाळीवरून.
सर काही बोलले नाहीत.
टोपलीतला पुढचा चेंडू उचलला.

तर आता पाचवा गेम. नऊ-नऊ. सर्व्हिस माझी.
जाळीजवळ टेबलावर तळहात पुसते,
तिथं आधीच दहा जणींचा घाम आहे.
उघड्या तळव्यावरून चेंडू वर.
पाय आपटला, मनगट फिरलं, चेंडूत शून्य.
तिनं दाणे लावले, परत द्यायला काही मिळालं नाही,
चेंडू नुसताच उंच उठला, बावळटासारखा.
तो मी मारला.
दहा-नऊ.

पुन्हा तोच. तिला कळलंय, हे मलाही कळलं,
तरी हातातून गेला.
आणि तिनं बोटांत बॅट फिरवली.
लाल बाजू पुढे.
अकरा वर्षांत पहिल्यांदा ती टेबलावर झुकली
आणि मारलं, थेट माझ्या कोपरावर,
जिथं बॅकहँडही पोचत नाही आणि फोरहँडही.
मी बघत राहिले. तिच्या दंडात एवढं होतं?

बारा-दहा. तिचे.

हात मिळवताना तिनं बॅट माझ्या हातात दिली,
"पाहा, लावून पाहा बोट.
तुमच्यापायी आज मले मारा लागलं बाई."
तिला धाप लागली होती.
मी दाण्यांवरून अंगठा फिरवला.
वाकले, उभे राहिले.

बाहेर माठाशी सर उभे होते, वाळ्याचं पाणी पीत.
हरले, म्हटलं.
ते म्हणाले, "लाल बाजूनं मारली ना?"
आणि सदऱ्याच्या खिशातून
नवा मार्कर काढला. लाल.
टोपण अजून उघडलेलं नव्हतं.